खत दिलं, फवारलं, छाटलं, तरी तीच पिवळी नक्षी परत: फुलझाडातला विषाणू कसा पकडायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच सुरू होते. डेलियाची पानं शिरांच्या कडेने पिवळट पडली. लोह कमी असेल म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली, फरक नाही. बुरशी असेल म्हणून बुरशीनाशक मारलं, तेही वाया गेलं. शेवटी झाड पार खालून छाटलं. नवे फुटवे हिरवेगार आले, जीव भांड्यात पडला, आणि तीन आठवड्यांनी त्याच फुटव्यांवर तीच नक्षी. पुढच्या हंगामात कंद नव्या मातीत, नव्या कुंडीत लावले. पुन्हा तेच.

माझ्याकडे हे चक्र सलग तीन हंगाम चाललं. त्या काळात त्याच झाडाचे कंद मी चार जणांना हौसेने दिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि इतकं सविस्तर लिहायचं कारणही तेच आहे.

डाग परत का येतात, याचं उत्तर साधं आहे. बुरशी पानावर किंवा पानाच्या ठरावीक भागात वाढते. विषाणू पेशीच्या आत असतो आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्यांतून झाडभर फिरतो: खोडात, मुळात, कंदात. लक्षण दिसणारं पान तोडलं म्हणजे फक्त लक्षण तोडलं जातं. लागण झालेल्या झाडातून विषाणू काढून टाकणारं कोणतंही फवारणीचं औषध नाही. त्यामुळे इथे उपचारापेक्षा निदानाला जास्त किंमत आहे. हे झाड ठेवायचं की काढायचं, त्याच्या काड्या घ्यायच्या की नाही, शेजारच्या झाडांकडे कधीपासून लक्ष ठेवायचं, हे सगळं निदानावरच ठरतं.

आधी नीट बघा, आणि सावलीत बघा

भर उन्हात पानावरचा फिका मोझॅक डोळ्यांना दिसतच नाही. सकाळच्या मऊ उजेडात किंवा स्वतःच्या अंगाची सावली झाडावर पाडून बघा. मग एक पान उजेडासमोर धरा. गडद आणि फिक्या हिरव्या ठिगळांची सरमिसळ असेल तर ती तेव्हा उठून दिसते. पान उलटून पाठही बघा.

अन्नद्रव्याची कमतरता बहुधा शिस्तीत येते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखीच पिवळी, आणि एकाच वयाच्या पानांवर: लोहाची नव्या पानांवर, मॅग्नेशियमची जुन्या पानांवर. विषाणूच्या खुणांना ही शिस्त नसते. पानाचा एक अर्धा भाग ठिगळलेला, दुसरा जवळजवळ ठीक. एका फांदीवर लक्षण, शेजारची फांदी स्वच्छ. पान एका बाजूला आखडलेलं, कारण फिका भाग कमी वाढला आणि हिरवा भाग वाढत राहिला. हा बेढबपणा दिसला की मी सावध होते.

काही झाडांच्या खुणा ओळखीच्या आहेत. गुलाबावर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा पानाच्या आत दुसरं पान कोरल्यासारखी आकृती दिसली, तर तो बहुधा गुलाबाचा मोझॅक. कर्दळीच्या पानात शिरांना समांतर तुटक पिवळे पट्टे येतात आणि पुढे ते करपतात. ग्लॅडिओलसच्या पाकळीवर मूळ रंगात पांढरे किंवा गडद ओरखडे उमटतात, फूल लहान होतं. जास्वंदीवर फिकी वलयं. शेवंती, बिगोनिया, इम्पेशन्स, सायक्लेमेन यांच्यावर एकात एक गोल, नेमबाजीच्या फळ्यासारखे, कधी तपकिरी तर कधी काळे. अशा गोलांमागे सहसा टोमॅटो स्पॉटेड विल्ट किंवा इम्पेशन्स नेक्रॉटिक स्पॉट हे विषाणू निघतात. पहिल्याच्या नावात टोमॅटो असला तरी तो हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो, त्यामुळे नावावर जाऊ नका.

कॅटलिया ऑर्किडची गोष्ट जरा वेगळी. पानं मेणासारखी तकतकीत, कुठे डाग नाही. कळी उमलते तीही निर्दोष. साधारण आठवड्याने, जेव्हा फूल अजून बरेच दिवस टिकायला हवं, तेव्हा पाकळीच्या मधोमध एक पुसट तपकिरी रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी ती लांबते, शेजारी आणखी दोन येतात, आणि फुलाचा बाकी भाग ताजा असतानाच पाकळी आतून वाळलेल्या कागदासारखी दिसू लागते. मी कितीतरी दिवस पाणी फुलावर पडलं असेल असंच समजत होते. सिम्बिडियम मोझॅक विषाणू कॅटलियात असाच दिसतो, आणि फूल नसताना झाडाकडे बघून त्याचा पत्ता लागत नाही.

विषाणूसारखं दिसणारं, पण विषाणू नसलेलं

इथे घाई करू नका. निष्कारण झाड उपटून टाकलेले लोक मला बरेच माहीत आहेत.

सगळ्यात फसवा प्रकार आफ्रिकन व्हायोलेटचा. त्याच्या लवदार पानांवर गार पाणी पडलं की फिकट पिवळी वलयं आणि वेड्यावाकड्या रेघा उमटतात, अगदी पुस्तकात छापलेल्या वलयांसारख्या. फरक वेळेत आहे. गार पाण्याचे डाग जिथे थेंब पडला तिथेच राहतात, नवी पानं स्वच्छ येतात. पाणी खोलीइतकं कोमट करून कुंडीच्या तळाकडून द्या आणि महिनाभर नव्या पानांवर नजर ठेवा.

दुसरा प्रकार तणनाशकाचा. शेजारी रुंद पानांच्या तणावर मारलेलं 2,4-डी वाऱ्याबरोबर आलं तर कोवळी पानं पट्टीसारखी अरुंद होतात, शिरा एकमेकींना समांतर धावू लागतात, देठ पीळ खातात. पहिल्या नजरेत हा विषाणूच वाटतो. पण तणनाशक जात बघत नाही. वाऱ्याच्या बाजूची गुलाब, झेंडू, डेलिया सगळी एकाच आठवड्यात वाकडी होतात. विषाणू एकदम असा सगळ्यांवर येत नाही. तो एका झाडापासून, ठिपक्याठिपक्याने पसरतो.

शेंडा आखडला, पानं खाली किंवा वर वळली, तर बोकड्या, म्हणजे विषाणूने पानं मुरडणं, म्हणून मोकळं होण्याआधी दहापट दाखवणारं भिंग घ्या. शेंड्यातल्या अगदी कोवळ्या पानांत अर्धपारदर्शक कोळी लपलेले असतात. ते इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्या चुरडा-मुरड्यावर कोळीनाशकाने खरोखर गुण येतो. फुलकिड्यांनी खरवडलेली पानं चंदेरी दिसतात आणि त्यावर काळे विष्ठेचे कण असतात. तो किड्याचा थेट घाव. पण फुलकिडे आहेत म्हटल्यावर विषाणूचीही शक्यता वाढते, हे ध्यानात ठेवा.

जन्मजात रंगीबेरंगी पानं वेगळी. त्यांतले पांढरे-पिवळे भाग बहुधा ठळक कडांचे असतात, पानाचा आकार बिघडलेला नसतो आणि झाड जोमात वाढतं. पण इथेही एक अपवाद आहे. अॅब्युटिलॉनच्या काही जाती बाजारात पिवळ्या ठिपकेदार पानांसाठीच विकल्या जातात, आणि ते ठिपके अॅब्युटिलॉन मोझॅक विषाणूचेच असतात.

फुलं हिरवी होणं, पाकळीच्या जागी बारीक पानं येणं, एकाच ठिकाणाहून फुटव्यांचा झुपका निघणं, हे सदाफुली आणि अॅस्टरवर दिसलं तर बहुतेक वेळा तो फायटोप्लाझ्मा असतो. तो विषाणू नव्हे, तुडतुड्यांतून पसरणारा, भित्तिका नसलेला जिवाणू. वांग्यावरचा पर्णगुच्छ शेतकऱ्यांना माहीत असतो, हा त्याच कुळातला. प्रयोगशाळेला हे आधी सांगा, कारण त्याची चाचणी वेगळी. विषाणूची चाचणी लावून ‘काही नाही’ असा अहवाल आला तर तो खरा असूनही तुमच्या कामाचा नसतो.

नोंद ठेवा, नाहीतर लक्षण पळून जातं

गुलाबाचा मोझॅक वसंतातल्या पहिल्या पानांवर ठसठशीत असतो आणि उन्हाळा तापला की गायब होतो. लोकांना वाटतं, खताने गुण आला. झाड मात्र तितकंच बाधित असतं. म्हणून लक्षण दिसलं त्या दिवशी फांदीला दोरा बांधा, तारीख लिहा, फोटो काढा, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी त्याच फांदीचा फोटो.

त्याच वहीत प्रत्येक झाडाचं मूळ लिहा: बियांपासून, काडीपासून, कंदापासून की कलमापासून. तीन गुलाबांवर एकच नक्षी असेल आणि तिन्ही एकाच खुंटावर डोळे भरून तयार झालेले असतील, तर बागेत किडा शोधण्यात अर्थ नाही. गुलाबाचा मोझॅक मुख्यतः कलमातूनच येतो, एकदा बाधित खुंट वापरला की त्यावरचं प्रत्येक कलम बाधित. कर्दळ, लिली, डेलिया, शेवंती यांचंही तसंच. काडीने किंवा कंदाने वाढवलेलं झाड म्हणजे आईचाच तुकडा, आणि आईचा विषाणू त्याच्याबरोबर येतो. बियांतून बहुतेक विषाणू जात नाहीत. काही जातात, म्हणून बियांचं रोप पूर्ण निर्धोक धरू नये, पण संशय कमी ठेवायला हरकत नाही.

कोण आणतंय, ते पेटुनियाला विचारा

मावा काकडी मोझॅक विषाणू काही सेकंदांच्या टोचणीत उचलतो आणि तितक्याच वेळात दुसऱ्या झाडाला देतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं, त्यामुळे निव्वळ फवारणीवर विसंबून हा विषाणू थांबत नाही. त्याला वाहून नेणाऱ्या माव्याच्या ऐंशीहून अधिक जाती आहेत. पांढरी माशी शिरा पिवळ्या करणारे आणि पानं मुरडणारे विषाणू आणते. फुलकिड्यांचं गणित न्यारं: टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणू फक्त पिल्लू असतानाच उचलता येतो. मोठा झालेला किडा मग मरेपर्यंत तो वाटत फिरतो, पण मोठेपणी पहिल्यांदा बाधित पान खाल्लेल्या किड्याकडून धोका नसतो.

या फुलकिड्यांवर एक सुंदर तपासणी आहे, आणि ती बागेतच करता येते. पेटुनियाच्या काही जाती या विषाणूंना स्थानिक व्रण, म्हणजे किडा चावला त्याच जागी डाग, दाखवतात आणि विषाणू तिथेच अडवतात. तो झाडभर पसरत नाही, म्हणून ते रोप स्वतः साथीचं घर होत नाही. संशयित झाडांच्या मधे पेटुनियाच्या कुंड्या ठेवा, फुलं खुडून टाका म्हणजे किडे पानांकडे वळतील, आणि कुंडीत एक निळं पुठ्ठ्याचं कार्ड खोचा, चिकट नसलेलं, कारण निळ्या रंगाकडे फुलकिडे येतात. रोज सकाळी भिंगाने पानं बघा. नुसता पांढरा खरवडलेला ओरखडा म्हणजे किडा जेवून गेला, एवढंच. त्याच ओरखड्याला तीन-चार दिवसांत बारीक तपकिरी, जवळजवळ काळी कड आली, कुणी पेनाने गिरवल्यासारखी, तर त्या किड्याच्या तोंडात विषाणू होता. पहिल्यांदा ती कड दिसली तेव्हा मी अर्धा तास ती कुंडी हातात घेऊन बसले होते. शेजारच्या बिगोनियावर तोवर एकही वलय उमटलेलं नव्हतं.

आणि मग आपण स्वतः. ऑर्किडमधले सर्वांत सर्रास आढळणारे दोन विषाणू, सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट, यांना वाहून नेणारा किडा माहीत नाही. ते कात्रीने, बोटांनी, जुन्या कुंडीतून आणि वापरलेल्या पाण्यातून जातात. एका सकाळी दहा ऑर्किडांचे वाळलेले दांडे एकाच कात्रीने कापले, की पहिल्या झाडात जे होतं ते उरलेल्या नवांपर्यंत पोहोचू शकतं.

चाचणी: कोणती आणि कुठून

डोळ्यांनी संशय घेता येतो, नाव लावता येत नाही. लिलीत एका विषाणूचं नावच मुळी ‘लक्षणहीन’ असं आहे.

घरच्या घरी करता येण्यासारखी चाचणी म्हणजे पट्टी. पानाचा तुकडा दिलेल्या द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. वरची नियंत्रण रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर चाचणी बाद, निकाल काहीही दिसो. तिच्याखाली दुसरी रेघ आली तर विषाणू आहे, पुसट असली तरी. दिलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ मात्र धरू नये. पट्टी ठरावीक विषाणूचीच असते. ऑर्किडची पट्टी शेवंतीला लावून उपयोग नाही.

पट्टी आणि प्रयोगशाळेतली एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणी, दोन्ही विषाणूच्या प्रथिन आवरणाला पकडतात. वनस्पतींच्या विषाणूंसाठी एलायझा 1977 साली क्लार्क आणि अॅडम्स यांनी रूढ केली, आणि भरपूर नमुने एकदम तपासायचे तर आजही ती उत्तम. पण शेवंतीच्या खुजेपणाला कारण असणारा घटक व्हायरॉइड आहे. साधारण 354 अक्षरांची उघडी आरएनएची कडी, तिला आवरणच नाही. जिथे प्रथिन नाही तिथे एलायझा कशाला पकडणार? शेवंती बुटकी राहते, पानं फिकी, कळ्या वेळेआधी, आणि पट्टी स्वच्छ, असं असेल तर आरटी-पीसीआर मागा, म्हणजे प्रथिनाऐवजी थेट आरएनए शोधणारी चाचणी.

पीसीआर फार कमी प्रमाणातला विषाणूही शोधते. बहुतेक वनस्पती-विषाणू आरएनएचे असल्याने आधी त्यांचं डीएनएत रूपांतर करावं लागतं, ते म्हणजे आरटी. तिचा दोष उलट्या बाजूचा. पेटुनियात आणि डेलियात काही विषाणूंचे तुकडे झाडाच्या स्वतःच्या गुणसूत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. पीसीआर त्या तुकड्यालाही ‘सापडला’ म्हणू शकते. पेटुनियात तर हा झोपलेला विषाणू उष्णतेच्या किंवा छाटणीच्या ताणाने जागा होऊन खरोखर शिरा पिवळ्या करतो. म्हणून डेलियाचा अहवाल हाती आला की विचारा: हा झाडातला जुना तुकडा आहे की फिरता विषाणू, हे कसं ठरवलं? माझ्या डेलियाच्या वेळी हा प्रश्न विचारल्यावरच एलायझाही झाली, आणि डेलिया मोझॅक पक्का ठरला.

सूचक झाडांची जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. बाधित पानाचा रस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काढून, पानाला सूक्ष्म ओरखडे पाडणारी कार्बोरंडमची बारीक पूड भुरभुरून, किनोआच्या किंवा गोम्फ्रेनाच्या पानावर हलक्या हाताने चोळतात आणि व्रण येण्याची वाट बघतात. विषाणूचं नाव माहीत नसताना ‘काहीतरी संसर्गजन्य आहे’ एवढं त्यातून कळतं. पण गुलाबातले, पांढऱ्या माशीतले बरेच विषाणू रसातून सहज जात नाहीत, तेव्हा व्रण आला नाही म्हणून झाड सुटलं असं नाही.

चुकीच्या निकालाचं सगळ्यात मोठं कारण यंत्र नसतं, नमुना असतो. विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. वाळलेला, काळा पडलेला भाग घेऊ नका, तिथे काही उरलेलं नसतं. हिरवा आणि पिवळा रंग जिथे भेटतात ती कड घ्या. वलयाच्या विषाणूंत तर वलय असलेलंच पान घ्या, शेजारचं स्वच्छ पान रिकामं निघू शकतं. लक्षण नसेल तर तीन-चार वेगवेगळ्या फांद्यांची कोवळी, पण पूर्ण उघडलेली पानं. कंद तपासायचा तर तो फुटून पानं आल्यावर पान पाठवणं बरं. गुलाबाचा नमुना वसंतात. प्रत्येक झाडाला नवं पातं आणि नवे हातमोजे, नाहीतर पहिल्या झाडाचा विषाणू तुम्हीच दुसऱ्याच्या पिशवीत भराल. पान ओलं करू नका. कोरड्या टिपकागदात गुंडाळून पिशवीत घाला, थंड ठेवा, गोठवू नका. ओलं पान वाटेत कुजतं.

निकाल नकारात्मक आला आणि लक्षण तरीही नव्या पानांवर चढत असेल, तर मी झाडावर विश्वास ठेवते, अहवालावर नाही. झाड वेगळं ठेवून पुढच्या बहरात पुन्हा नमुना.

सापडल्यावर

बाधित झाड मुळासकट काढा. एकुलती एक दुर्मीळ जात असेल तर एकांतात, किडे येणार नाहीत अशा जागी ठेवा, तिचं काम दिवसाच्या शेवटी करा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

कात्रीचं नीट समजून घ्या. स्पिरिटने पुसलेली कात्री जिवाणूंना पुरते. तंबाखू मोझॅकच्या कुळातले विषाणू, ज्यात ऑर्किडचा रिंगस्पॉटही येतो, स्पिरिटला दाद देत नाहीत. सायरहित दुधाच्या पावडरीचं 20 टक्के द्रावण त्यांच्यावर खरंच चालतं, दुधातली प्रथिनं विषाणूला निष्प्रभ करतात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हेही चालतं, पण ते रोज ताजं करा, दुसऱ्या कुठल्या रसायनात मिसळू नका, आणि नंतर कात्री धुवा, नाहीतर ती गंजते. मी ऑर्किडसाठी वापरून टाकायची पातीच वापरते. तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटुनियाला हात लावू नये, कारण वाळलेल्या तंबाखूतही तो विषाणू वर्षानुवर्षं टिकतो.

जात वाचवायची एक वाट आहे, ती प्रयोगशाळेतली. 1952 साली मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच संशोधकांनी बाधित डेलियाच्या शेंड्याचं अगदी टोक, जिथे विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो, कापून काचेच्या नळीत वाढवलं आणि निरोगी डेलिया मिळवले. आजची ऊतीसंवर्धित, विषाणूमुक्त रोपं त्याच वाटेवरची आहेत. ‘ऊतीसंवर्धित’ एवढ्या शब्दावर मात्र जाऊ नका. मूळ झाड तपासलेलं नसेल तर ऊतीसंवर्धन विषाणूच्याही हजार प्रती काढतं. रोप घेताना विचारायचं ते हेच: मातृझाड कोणत्या विषाणूंसाठी, कधी तपासलं?

ट्युलिपचा दाखला इथे द्यावासा वाटतो. सतराव्या शतकात ज्या ज्वालांसारख्या रेघांच्या ट्युलिपसाठी हॉलंडमध्ये लोक वेडे झाले, आणि 1637 मध्ये ज्यांचा बाजार कोसळला, त्या रेघा विषाणूच्या होत्या. हे 1928 साली इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं. त्यांनी रेघाळ फुलाचा कंद साध्या कंदाला कलम केला, आणि साध्यालाही रेघा आल्या. तोवर माळी माती आणि हवामान बदलून बघत होते. आपण लोह फवारून बघतो, तसंच.

नवं झाड आलं की ते किमान एक बहर बाकीच्यांपासून दूर ठेवते, त्याची वेगळी कात्री, वेगळं पाणी. डेलियाचे माझे सगळे कंद गेले. ज्या चौघांना दिले होते त्यांना फोन करून सांगितलं. तिघांनी लगेच काढून टाकले. चौथीच्या अंगणात ते झाड अजून आहे, कारण तिच्या आईने लावलेल्या रांगेत ते बसलं होतं. आता ते एकटंच, भिंतीपलीकडे आहे. या हंगामात रांगेतल्या शेजारच्या दोन झाडांना फुटवे आले की त्यांची कोवळी पानं तपासायला पाठवायची आहेत.